वजनकाट्याशेजारी मोजपट्टी: लहानपणीच्या लठ्ठपणाची सुरुवात कुठे होते आणि घरी काय करायचं

तीन वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आलेल्या आजींनी बसायच्या आत सांगून टाकलं, "हा खातच नाही हो ताई. नुसता दुधावर आहे." नातू चांगला गुटगुटीत, मनगटाला वळी पडलेली. अंगणवाडीच्या कार्डावर वजनाचा ठिपका हिरव्या पट्ट्यात. वजन साडेपंधरा किलो, म्हणजे वयाच्या मानाने नावं ठेवायला जागा नाही. मी त्याला चपला काढून भिंतीला टेकवून उभा केला. उंची भरली ९० सेंटिमीटर.

आता गणित करू. वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं: १५.५ भागिले ०.९, पुन्हा भागिले ०.९. उत्तर १९.१. यालाच बीएमआय म्हणतात, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचं माप. तीन वर्षांच्या मुलाच्या बीएमआयची मधली रेषा सुमारे १५.६ वर असते, आणि १८.४ च्या आसपासची रेषा ओलांडली की जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ते मूल जादा वजनाचं धरतात. म्हणजे कार्ड म्हणतं ठीक, आजी म्हणतात खात नाही आणि मोजपट्टी म्हणते जादा वजन.

यात कार्डाची चूक नाही. अंगणवाडीच्या कार्डावरचा तो आलेख वयानुसार वजनाचा आहे आणि तो मुख्यतः कुपोषण पकडायला बनवलाय. उंची कमी असलेलं मूल त्यात जाड असूनही हिरव्यात बसतं. आपल्याकडे अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी भरली. त्याच सर्वेक्षणात जादा वजनाची मुलं ४.१ टक्के होती, त्याआधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत ती १.९ टक्के होती. आकडा अजून लहान आहे, पण पाच वर्षांत तो दुपटीच्या वर गेला.

आधी हे समजून घ्या: आपलं बाळ लहान असतं, पण सडपातळ नसतं

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची होती. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं ३.५ किलोची. हा फरक कुठून आला ते त्यांनी अवयवागणिक मोजून पाहिलं. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, पण कातडीखालची चरबी, विशेषतः पाठीवरची, जवळजवळ तेवढीच होती. दिसायला बारीक, आतून चरबीचं प्रमाण जास्त.

दुसरा अभ्यास दिल्लीचा. १९६९ पासून जन्मलेल्या मुलांची लहानपणी वारंवार वजनं-उंच्या घेतल्या होत्या. तीच मुलं २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर सुमारे १,५०० जणांची साखर तपासली, आणि निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना मधुमेह झाला किंवा जे त्याच्या उंबरठ्यावर होते, त्यांचा बीएमआय दोन वर्षांपर्यंत कमीच होता. नंतर मात्र तो बारा वर्षांपर्यंत सतत वर चढत गेला. बाराव्या वर्षी त्यातलं कुणीही तेव्हाच्या मापांनी लठ्ठ नव्हतं. आईबापांच्या डोळ्यांना ही 'तब्येत सुधारलेली' मुलं वाटली असणार.

म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पहिल्या दोन वर्षांत बाळाची लांबी वाढू द्या, आणि दोननंतर उंचीच्या मानाने वजन पुढे पळू देऊ नका. दोन्हीसाठी मोजपट्टी लागते. दवाखान्यात वजन दर खेपेला होतं, लांबी मात्र बऱ्याच ठिकाणी मागितल्याशिवाय मोजत नाहीत. तेव्हा मागून घ्या.

पायरी १: दिवस राहण्याआधी आणि गरोदरपणात

ही पायरी बाळाच्या आईची एकटीची नाही, घराची आहे. सून सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं जेवत असेल तर पुढची कुठलीच पायरी नीट बसत नाही.

दिवस राहण्याआधी वजन, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. वजन फार कमी असेल तर वाढवायची आणि फार जास्त असेल तर उतरवायची वेळ हीच. गरोदरपणात वजन उतरवायचं नसतं. आईचं आधीपासून जास्त असलेलं वजन हा मुलाच्या लठ्ठपणाचा सगळ्यात ठळक धोका म्हणून अभ्यासांमध्ये पुन्हा पुन्हा समोर येतो. त्यात आनुवंशिकताही आहे आणि घरचं ताटही.

"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" हे वाक्य प्रेमाचं आहे, हिशेबाचं नाही. दुसऱ्या तिमाहीपासून नेहमीपेक्षा साधारण एक छोटं जेवण जास्त पुरतं. आधीचा बीएमआय साधारण असलेल्या बाईचं वजन नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो वाढणं ठीक मानतात, आधीच जादा वजन असेल तर ७ ते ११.५. हे आकडे अमेरिकेतले आहेत. उंचीने लहान बाईला डॉक्टर वेगळं लक्ष्य देऊ शकतात, ते ऐका.

काय खावं? पुण्याच्या त्याच गावांत हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं आकाराने मोठी होती. मेथी, चाकवत, राजगिरा, पेरू, ताकाचा पेला, यात महागडं काही नाही. बी-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी सांगायला हवी. त्या अभ्यासातल्या सुमारे दोनतृतीयांश आयांना ते कमी होतं. ज्यांच्या रक्तात फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं तेच जीवनसत्त्व) भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसलं. शाकाहारी घर असेल तर दूध-दही रोज हवं, आणि बी-१२ तपासण्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. फोलिक ॲसिडची गोळी मात्र या भीतीने बंद करू नका, ती बाळाच्या मज्जारज्जूसाठी लागतेच.

साखरेची तपासणी टाळू नका. सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी देऊन दोन तासांनी रक्त घेतात. उपाशी असण्याची अट नाही. आकडा १४० किंवा जास्त आला की गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात. "पहिल्या वेळी नॉर्मल आली" म्हणून दुसरी सोडणाऱ्या खूप भेटतात, आणि साखर बहुतेकदा दुसऱ्याच वेळी पकडली जाते. आईची साखर वाढलेली असली की वारेतून ती बाळाकडे जाते, बाळाचं इन्शुलिन वाढतं आणि चरबी साठते.

आणि मिश्री. खेड्यात अजून चालते, शहरातही बायका लपवून लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे, दात घासायचं साधन नाही. बाळाचं वजन त्याने घटतं. घरात कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर ती बाहेर.

सिझेरियनमुळे मूल लठ्ठ होतं का, बाळपणी दिलेल्या अँटिबायोटिकमुळे होतं का, असं हल्ली बऱ्याच आया विचारतात. आकडेवारीत हलकासा संबंध दिसतो. पण तो त्या उपचारांमुळेच आहे की ते करावे लागण्यामागच्या कारणांमुळे, हे सुटलेलं नाही. गरजेचं सिझेरियन झालं असेल तर त्याची रुखरुख मनात ठेवू नका. अँटिबायोटिक मात्र साध्या सर्दीला स्वतःहून मागू नका.

पायरी २: पहिले सहा महिने

फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. अंगावर पिणारं बाळ पोट भरलं की स्वतः तोंड बाजूला करतं. बाटलीत उरलेलं दूध मात्र आपल्याला टोचतं आणि ते आपण संपवायला लावतो.

पावडरचं दूध द्यावंच लागलं तर डब्यावरचं प्रमाण शब्दशः पाळा. बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असतो. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने पुसून सपाट. "जरा घट्ट केलं की रात्रभर झोपतं" म्हणून शीग भरलेला चमचा टाकणाऱ्या मी पाहिल्यात, आणि पावडर पुरवायची म्हणून पातळ करणाऱ्याही. दोन्ही वाईट. युरोपातल्या पाच देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जास्त प्रथिनांच्या पावडरवर वाढलेल्या मुलांचा बीएमआय सहाव्या वर्षी कमी प्रथिनांच्या पावडरवाल्यांपेक्षा जास्त निघाला. जाता जाता, दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे बंदी आहे. तरी मोबाइलवर कुणी गोड बोलून डबा सुचवला तर तो सल्ला कुणाच्या फायद्याचा, ते ओळखा.

प्रत्येक रडणं भुकेचं नसतं. लंगोट ओला, उकडतंय, झोप आलीय, नुसतं कुणीतरी घ्यावंसं वाटतंय, हे आधी पाहा. पहिले तीन महिने दिवसाला सरासरी २५ ते ३० ग्रॅम वजन वाढत असेल आणि सहा-सात वेळा शी-शूचे कपडे भिजत असतील तर दूध पुरतंय. शेजारच्या बाळाशी तुलना करून पावडर सुरू करू नका.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मलं की सगळं घर त्याला 'भरून काढायला' लागतं. अशा बाळाने वाढ भरून काढायलाच हवी, त्याचं दूध कमी करायचं नाही. पण वजनाची रेघ झपाट्याने दोन रेषा ओलांडून वर जातेय आणि लांबीची तिथेच रेंगाळतेय, असं दिसलं तर ते बाळसं नाही. डॉक्टरांना तक्ता दाखवा. अंगावरचं दूध चालू ठेवा, वरच्या दुधात साखर-तूप घालून वजन ओढू नका.

पायरी ३: घरी लांबी मोजायची ती अशी

दोन माणसं लागतात. लहान बाळ एकट्याने मोजायचा प्रयत्न मी केलाय, चार सेंटिमीटरची चूक आली.

भिंतीला लागून कडक जमिनीवर पातळ चादर घाला, गादी नको. बाळाची टोपी, क्लिप, मोजे काढा, जाड लंगोटही काढा. एकाने बाळाचं डोकं दोन्ही हातांत धरून टाळू भिंतीला टेकवायची, बाळाची नजर सरळ छताकडे. दुसऱ्याने एका हाताने दोन्ही गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि दुसऱ्या हाताने जाड पुठ्ठ्याचं पुस्तक तळव्यांना उभं टेकवायचं. बोटं खाली वळलेली नकोत. पुस्तकाच्या कडेला पेन्सिलने खूण, बाळाला उचला आणि भिंतीपासून खुणेपर्यंत सुताराच्या लोखंडी टेपने मोजा. शिंप्याची टेप वापरून वापरून ताणली जाते, ती नको. एकदा मोजून थांबू नका, दोनदा मोजा. सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

दोन वर्षांनंतर उभं करून मोजायचं. टाचा, ढुंगण, पाठ भिंतीला, डोक्यावर पुस्तक काटकोनात. उभं मोजलेलं माप आडव्यापेक्षा सुमारे पाऊण सेंटिमीटर कमी येतं, तेव्हा दोन वर्षांच्या सुमारास वाढ 'थांबली' असं वाटलं तर घाबरू नका.

कधी मोजायचं? लसीच्या तारखा आहेतच: दीड, अडीच, साडेतीन महिने, मग नऊ महिने, दीड वर्ष. पुढे वर्षातून दोनदा, वाढदिवस आणि अर्धा वाढदिवस. अंदाज म्हणून, जन्मताना सुमारे ५०, वर्षाला ७५, दोन वर्षांना ८६-८७ आणि चार वर्षांना १०० च्या आसपास सेंटिमीटर.

पायरी ४: उष्टावणानंतर

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न, दोन-तीन चमच्यांपासून. आठ महिन्यांपर्यंत अर्ध्या वाटीकडे, दिवसाला दोन-तीनदा. वर्षापर्यंत अर्धी वाटी, तीन-चारदा. दुसऱ्या वर्षात पाऊण ते एक वाटी. इथे वाटी म्हणजे २५० मिलीची, स्वयंपाकघरातली आमटीची लहान वाटी नव्हे.

लांबी वाढायला प्रथिनं, लोह, जस्त लागतं. घट्ट वरणभात, मुगाची खिचडी, अंडं, कुस्करलेली मासळी, नाचणीची खीर, दही. तांदळाची पातळ पेज आणि साबुदाण्याची खीर पोट भरते, उंची फारशी वाढवत नाही. वर्षाच्या आत मीठ आणि मध नाही. तूप चालतं, चमचाभर घालाच, लहान बाळाला त्याची गरज असते. तुपाला घाबरून साखर देत राहणारी घरं पाहिली की मला चिडायला होतं.

साखर आणि गूळ दोन वर्षांपर्यंत वरून घालू नका. याला एक चांगला पुरावा आहे. ब्रिटनमध्ये युद्धकाळापासून साखर रेशनवर होती, ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. पोटात असताना आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनच्या साखरेवर वाढलेल्यांना, रेशन उठल्यानंतरच्या मुलांपेक्षा मोठेपणी मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी निघाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास. आपल्या घरात कुणी रेशन लावणार नाही, तेव्हा चहात बुडवलेलं बिस्किट ही पहिली गोष्ट बंद करा. नाचणी सत्त्वाच्या तयार पाकिटावरही साखर कितव्या क्रमांकावर लिहिलीय ते वाचा.

आणि भरवण्याची पद्धत. "हा घास काऊचा, हा घास चिऊचा" यात काहीच वाईट नाही. बाळ अंगणात कावळा बघतं, आपल्याकडे बघतं, तोंड उघडतं. मोबाइलवर गाणं लावून भरवलं की तोंड आपोआप उघडतं, बाळाला आपण काय खातोय तेच कळत नाही. पोट भरल्याची त्याची स्वतःची खूण अशा भरवण्यात हळूहळू मोडते. चिऊ-काऊचाही एक नियम ठेवा. बाळाने मान फिरवली, ओठ मिटले की चिऊ उडाली. "एवढा शेवटचा" हा घास बंद.

पायरी ५: वर्षानंतर दुधाचा हिशेब

त्या आजींकडे परत येऊ. नातू दिवसाला तीन बाटल्या पीत होता, २५०-२५० मिलीच्या, म्हशीचं दूध, प्रत्येकीत दोन चमचे साखर. साय असलेल्या म्हशीच्या दुधात १०० मिलीला सुमारे १०० कॅलरी. तीन बाटल्यांच्या ७५० आणि सहा चमचे साखरेच्या आणखी १२० धरा. झाल्या ८७०. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज आपल्याकडे सुमारे १,०१० कॅलरी धरतात. उरल्या १४०, त्या बिस्किटांत जात होत्या. पोळीभाजीला पोटात जागाच नव्हती, मूल खाणार कुठून? वर या वयात दूधच दूध प्यायलं की लोह कमी पडतं, त्यामुळे भूक आणखी मरते आणि घरचे आणखी दूध देतात.

वर्षानंतर दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलीपर्यंत, पेल्यातून, बिनसाखरेचं. आधी जेवण, मग दूध. बाटली दीड वर्षाच्या आत सोडवा. रात्री झोपेत बाटली देत असाल तर तिथून सुरुवात करा. दर तीन दिवसांनी ३० मिली दूध कमी, दहा-पंधरा दिवस रडारड होते, मग विसरतं. एकदम बंद केली तर रात्री दोन वाजता आजोबाच उठून बाटली भरतात.

पायरी ६: दोन ते सहा वर्षं, आलेख खाली जायला हवा

बीएमआय पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात सगळ्यात वर असतो, मग उतरत जातो, पाच-सहा वर्षांच्या सुमारास तळ गाठतो आणि पुन्हा चढतो. म्हणून चार वर्षांचं मूल बारीक दिसणं, बरगड्या जाणवणं हे बहुतेकदा निरोगीपणाचं असतं. नेमकं तेव्हाच घरात टॉनिक, चॉकलेटची पावडर आणि "वाळलाय पोरगा" सुरू होतं. ज्यांचा तळ पाचच्या आधीच येऊन बीएमआय चढायला लागतो, त्यांना पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त. तेव्हा दर सहा महिन्यांनी गणित करून वहीत लिहा. तीन ते पाचच्या दरम्यान आकडा उतरतोय किंवा स्थिर आहे ना, एवढंच बघा.

झोप: एक ते दोन वर्षांना दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांना १० ते १३. बाबा रात्री साडेदहाला घरी येतात म्हणून मुलाला जागं ठेवणं ही शहरातली मोठी अडचण आहे. सकाळचा अर्धा तास बाबांचा ठेवून बघा. स्क्रीन दोन वर्षांखाली नाही, पाच वर्षांपर्यंत तासाच्या आत. आणि दिवसभरात मिळून तीन तास हालचाल. जिना चढणं, भाजी आणायला चालत जाणं, गॅलरीत पाण्याने खेळणं, सगळं धरून.

डॉक्टरांकडे कधी

जादा खाण्याने लठ्ठ झालेली मुलं सहसा उंचीलाही बरी असतात. लठ्ठ आणि बुटकं असं एकत्र दिसलं तर थायरॉइड किंवा इतर हार्मोन तपासायला हवेत. वर्षभरात उंची नीट वाढली नाही, मूल झोपेत घोरतं, मानेची कातडी काळपट मखमली झालीय, किंवा लहान बाळाची भूक काही केल्या भागतच नाही, तर वाट बघू नका. पाच वर्षांखालच्या मुलाला 'डाएट'वर कधीही ठेवू नका. त्याचं वजन उतरवायचं नसतं. ते आहे तिथे थांबवून उंचीला पुढे जाऊ द्यायचं असतं.

त्या नातवाच्या रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या, आईवडील दोघंही उंचीने लहान होते. हिमोग्लोबिन तेवढं कमी होतं. सहा महिन्यांनी आजी पुन्हा घेऊन आल्या. उंची ९३.५, वजन १५.७, बीएमआय १८. बाटली सुटली होती, दूध दोन पेले. आजी जरा नाराज दिसल्या. "वजन दोनशेच ग्रॅम वाढलंय ताई." मी त्यांना भिंतीवरच्या पेन्सिलच्या दोन खुणा दाखवल्या. त्यांनी बोटाने मधलं अंतर मोजलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "म्हणजे सगळं उंचीतच गेलं म्हणायचं."